पाचवा पाय

या पलंगाला पाय दिसत नाहीत.
तीच त्याची किंमत, असं शोरूमवाला सांगतो.
वीतभर अधांतरी, खाली मधाच्या रंगाची दिव्याची पट्टी,
डोक्याशी अक्रोडाची फळी, कागदाहून थोडी जाड,
आणि पोटाखाली, चार आत सरकवलेल्या पायांच्या मधोमध,
कुणाला न दिसणारा लोखंडी पाचवा.

बाप राजापूरच्या अलीकडे फणसाच्या खाटा करायचा.
पाय लपवायचे तर साप हो म्हणावं, बोलला असता.
त्याचा रंधा माझ्याकडे आहे,
सजाच्या कॅम्पात, बंकखालच्या ट्रंकेत.
खंडेनवमीला हळदकुंकू, तेलाचा हात,
मग वर्षभर त्याला सुट्टी.
माझ्या हातात सहा नंबरची ॲलन की,
आणि कार्डावर इन्स्टॉलेशन टेक्निशियन.

रहमानियातून तक्रार आली, पलंग करकरतो.
मी गेलो, सोबत टेकबहादूर.
दारातच उम्म ग़ानिमने विचारलं, नज्जार?
सुतार. बावीस वर्षांत
कुणी पहिल्यांदाच नीट ओळखलं.

वाटेत ते जेवणाचं टेबल लागलं,
बारा माणसांचं, एकाच दगडाचं,
गेल्या साली आम्ही सहा जणांनी
श्वास मोजत आत नेलेलं.
त्याच्या एका कोपऱ्यावर
खजुराची वाटी, एक पेला.
उरलेला दगड नुसता पुसलेला.

पलंग दाबून पाहिला. गुडघा टेकवला. गुण्या लावला.
गप्प.
दिवसा बोलत नाही तो, म्हातारी म्हणाली,
आणि माझं वजन ते किती. तू झोप.

कंपनीच्या कागदावर चौथा नियम:
ग्राहकाच्या सामानावर बसू नये.
झोपण्याचं तर कुणाच्या मनातही आलं नसावं.
मी बूट काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक.
टेकबहादूर पडद्याकडे बघायला लागला.

अंथरूण पाहून पाय पसरावे,
हे ऐकत ऐकत मी सहा फुटांचा झालो
आणि साडेपाच फुटांच्या बंकवर आलो.
इथे पाय पसरले तरी
पलंग पुढे उरलाच होता,
भरती न पोचलेल्या वाळूसारखा.

इकडे नाही, ती म्हणाली, इकडे मी असते.
आवाज पलीकडून येतो.

पलीकडची गादी कडक होती, दुकानातल्यासारखी.
मी सरकलो, परत आलो, कुशीवर वळलो,
आणि आलाच तो आवाज, बारीक,
कुणी दात खात असावं तसा.

खाली शिरलो, टॉर्च तोंडात धरून.
पाचव्या पायाखाली सुताएवढी फट.
भार एकाच अंगाला, म्हणून दुसरं अंग उचलतं
आणि पाय टेकण्यासाठी जमीन शोधत राहतो.
दोघं झोपत असते
तर हा जन्मात वाजला नसता.

हे मी तिला सांगितलं नाही.
वॉशर नव्हता, असं सांगितलं.
व्हॅनमधल्या जुन्या चपलेची टाच कापली,
गोल, नाण्याएवढी, बापाने कापली असती तशी,
आणि फटीत ठोकून बसवली.
ती कडेवर बसली. उठली. पुन्हा बसली.
बराच वेळ कान देऊन होती.
खलास, म्हणाली,
पण चेहरा काम झाल्याचा नव्हता.
दोघांच्या मुठीत खजूर कोंबले.

रात्री कॅम्पात दिवा गेल्यावर
वरच्या बंकवर टेकबहादूर कूस बदलतो
आणि अख्खं लोखंड ओरडतं.
कुठला नट ढिला आहे, मला ठाऊक आहे.
की उशाशीच असते.
आठ वर्षं झाली,
तो नट मी अजून आवळलेला नाही.